ऊन, पाऊस आणि बेचाळीस किलोमीटर

मॅरेथॉन हा शब्द आता आपल्या घरांना परका राहिलेला नाही. जानेवारीत मुंबईच्या रस्त्यांवरून हजारो माणसे धावताना आपण दूरचित्रवाणीवर पाहतो. बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद यांसारख्या शहरांतही पहाटेच्या अंधारात धावणारी माणसे दिसू लागली आहेत. त्यांत कॉलेजात जाणारी मुले असतात, तसेच पन्नाशी ओलांडलेले बँकेतील अधिकारी आणि घरचा स्वयंपाक उरकून बाहेर पडणाऱ्या गृहिणीही असतात. स्पर्धेचा दिवस एकच. तिची तयारी मात्र पाच-सहा महिन्यांची. जानेवारीत धावावयाचे, तर आषाढ-श्रावणातच सुरुवात करावी लागते. म्हणजे पाऊस, ऑक्टोबरातील ऊन आणि पौषातील थंडी, या तिन्ही ऋतूंतून वाट काढल्यावाचून ४२.१९५ किलोमीटरांच्या प्रारंभरेषेपर्यंतसुद्धा पोहोचता येत नाही.

या काळात हवामानाशी कसे वागावे, आणि आजार वा दुखापत यांनी खोळंबा झाला तर काय करावे, हे दोन प्रश्न प्रत्येक धावणाऱ्यापुढे, आणि खरे म्हणजे त्याच्या घरच्यांपुढेही उभे राहतात. निसर्गाशी झुंज घ्यावी, दात-ओठ खाऊन पुढे जावे, म्हणजे यश मिळते, असा एक लोकप्रिय समज आहे. वर्तमानपत्रांतील मथळेही त्याला खतपाणी घालतात. परंतु या शर्यतीचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास बारकाईने पाहिला, तर निराळेच काही हाती लागते. ज्यांनी हवामान ओळखले, शरीराला त्याची हळूहळू सवय लावली आणि थांबण्याची वेळ आली तेव्हा जे थांबले, तेच पुन्हा धावू शकले. ज्यांना हे जमले नाही, त्यांच्यापैकी काहींना फार मोठी किंमत द्यावी लागली.

बेळगावचा धावपटू अँटवर्पला

या इतिहासात आपल्या मराठी मुलखाचेही एक पान आहे आणि ते पुष्कळांना ठाऊक नसते. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात सर दोराबजी टाटा हे पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. जिमखान्याच्या वार्षिक स्पर्धांत शेतकरी कुटुंबांतील तरुण लांब पल्ल्यांच्या शर्यतींत अनवाणी धावत. त्यांना ना कोणी शिक्षक होता, ना शास्त्रीय शिक्षणाची काही सोय. तरीही त्यांच्यापैकी काहींनी लावलेला वेळ युरोपातील धावपटूंच्या जवळपास जातो, हे दोराबजींच्या लक्षात आले. या मुलांना ऑलिंपिकला पाठवावे, असे त्यांच्या मनाने घेतले, आणि बेल्जियममधील अँटवर्प येथे १९२० साली भरलेल्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा एक लहानसा संघ रवाना झाला. त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे दोघे मॅरेथॉनसाठी निवडले गेले होते.

२२ ऑगस्ट १९२० हा शर्यतीचा दिवस. हवा थंड होती आणि पाऊस पडत होता. बेळगावकराला श्रावणातील पावसाचे कौतुक ते काय! पण आपला पाऊस आणि उत्तर युरोपातील बोचरा गार पाऊस यांत अंतर आहे. शिवाय त्या वर्षी अंतरही आजच्यापेक्षा अधिक, म्हणजे ४२.७५ किलोमीटर ठेवले होते. फिनलंडचे हान्नेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिले आले. दातार यांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले मात्र शेवटपर्यंत धावले आणि २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद अशी वेळ देऊन एकोणिसावे आले. हिशेब केला तर किलोमीटरमागे चार मिनिटांहूनही थोडा कमीच वेळ पडतो. समुद्रप्रवास करून परक्या थंडीत पोहोचलेल्या आणि आधुनिक प्रशिक्षणाचा वाराही न लागलेल्या तरुणाची ही कामगिरी आजही मान डोलवावी अशी आहे.

चौगुले यांच्या बरोबर दोन मिनिटे आधी, सोळाव्या क्रमांकावर, जपानचे शिझो कानाकुरी हे धावपटू आले होते. त्यांची ही दुसरी ऑलिंपिक मॅरेथॉन. पहिलीत काय घडले होते, ते सांगितल्यावाचून हवामानाचा विषय पुरा होणार नाही.

स्टॉकहोमचे ऊन

१४ जुलै १९१२. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम. उत्तरेकडील हा देश उन्हासाठी प्रसिद्ध नाही. पण त्या दिवशी पारा ३२ अंश सेल्सियसच्या घरात गेला आणि शर्यत भर दुपारी सुरू झाली. ६८ धावपटू निघाले. त्यांपैकी निम्मेच काय ते परत आले. पोर्तुगालचे फ्रान्सिस्को लाझारो हे व्यवसायाने सुतार. उन्हाने कातडी भाजू नये म्हणून त्यांनी अंगाला मेण चोपडले होते, असे सांगतात. ज्या रंध्रांतून घाम बाहेर पडून शरीर गार व्हावयाचे, तीच त्यामुळे झाकली गेली. तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास ते कोसळले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. आधुनिक ऑलिंपिकच्या इतिहासात स्पर्धेमुळे ओढवलेला हा पहिला मृत्यू.

कानाकुरी तेव्हा विशीत होते. बोटीने आणि मग सायबेरियातील रेल्वेने अडीच आठवड्यांचा प्रवास करून ते तेथे पोहोचले होते. उत्तरेकडील उन्हाळ्यात रात्रही उजेडी असल्याने झोप धड होत नव्हती. अर्ध्याहून अधिक अंतर गेल्यावर उन्हाने त्यांना भोवळ आली. वाटेवरील एका कुटुंबाने त्यांना बागेत बसवले, सरबत दिले, विश्रांती घेऊ दिली. ओशाळलेले कानाकुरी कोणाला न कळवता परतले आणि स्पर्धेच्या दफ्तरात त्यांचे नाव बरीच वर्षे बेपत्ता म्हणून राहिले.

येथून पुढे त्यांनी जे केले, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. जपानला परतल्यावर त्यांनी धावणे सोडले नाही. उलट कडक उन्हात सराव करून शरीराला उष्णतेची सवय लावण्याचा क्रम सुरू केला. १९१६ चे ऑलिंपिक महायुद्धामुळे झालेच नाही. एखाद्या खेळाडूच्या उमेदीच्या वर्षांत याहून मोठे विघ्न कोणते असू शकेल? तरी ते धावत राहिले. १९२० साली, अँटवर्पला जाण्यापूर्वी, टोकियो ते हाकोने आणि परत अशी विद्यापीठांची टप्प्याटप्प्यांची शर्यत त्यांच्या पुढाकाराने सुरू झाली. ती आजही दर जानेवारीत होते आणि सारा जपान ती पाहतो. १९६७ साली स्वीडनच्या लोकांनी पंच्याहत्तर वर्षांच्या कानाकुरींना मुद्दाम बोलावले आणि स्टॉकहोमच्या त्याच मैदानात त्यांची शर्यत पुरी करून घेतली. वेळ जाहीर झाली : ५४ वर्षे, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटे आणि २०.३ सेकंद. वाट लांब होती. वाटेत आपले लग्न झाले, सहा मुले आणि दहा नातवंडे झाली, असे ते त्या वेळी हसत म्हणाले.

लाझारो आणि कानाकुरी एकाच उन्हात धावत होते. एकाने उन्हाला अडविण्याचा उपाय केला आणि तोच त्याच्यावर उलटला. दुसरा बागेतील सावलीत बसून राहिला. त्या दिवशी दोघेही हरले. मात्र सावलीत बसलेला पुढे अर्धशतकभर या खेळाची सेवा करू शकला.

शरीर आणि माठ

उन्हात नेमके काय होते? धावताना स्नायूंना मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे चौथा हिस्साच प्रत्यक्ष हालचालीच्या कामी येतो. बाकीच्या तीन हिश्श्यांची उष्णता होते. ती बाहेर टाकण्याचे मुख्य साधन म्हणजे घाम. त्यातही अंगावरून ठिबकून जाणारा घाम उपयोगाचा नाही. अंगावर वाळणारा घामच गारवा देतो. ग्वाल्हेरकडील मे महिन्यातील कोरड्या हवेत माठातले पाणी कसे थंडगार होते! तोच माठ पावसाळ्यात गोव्यात ठेवला तर पाणी जेमतेम गार होते. कारण दमट हवेत बाष्पीभवन मंदावते. आपल्या देहाचेही तसेच आहे. म्हणून ३० अंशांची दमट सकाळ ही ३५ अंशांच्या कोरड्या सकाळीपेक्षाही अधिक जाचक ठरू शकते.

या त्रासावर निसर्गानेच एक उपाय देऊन ठेवला आहे. उष्ण हवेत रोज थोडा थोडा व्यायाम केला, तर दहा ते चौदा दिवसांत शरीर बदलते. रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. त्याच वेगाने धावताना हृदयाचे ठोके पूर्वीपेक्षा कमी पडतात. मात्र हे दान कायमचे नाही. तीन-चार आठवडे थंड हवेत काढले की ते बरेचसे निघून जाते. तात्पर्य, मसुरीहून वा युरोपातील मुलाकडून सुटी घालवून आलेल्याने पहिल्याच दिवशी जुन्या वेगाने धावू नये. पहिले दोन-तीन दिवस वीस-तीस मिनिटे सावकाश, आणि मग बेताबेताने दहा-बारा दिवसांत तासाभरापर्यंत, असा क्रम ठेवावा. किती किलोमीटर झाले याऐवजी किती मिनिटे झाली, हे मोजावे. धावताना सोबत्याशी दोन वाक्ये बोलता येत नसतील, तर वेग अधिक आहे असे खुशाल समजावे.

पाण्याविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. पूर्वीच्या धावपटूंना पाणी पिऊ नये असे शिकवीत, आणि त्यातून अपाय होत. अलीकडे काही जण दुसऱ्या टोकाला जातात व तहान नसताही तांब्यामागून तांब्या रिचवतात. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा शंभरांत तेरा जणांच्या रक्तातील सोडियमचे प्रमाण नेहमीच्या पातळीखाली उतरलेले आढळले. अति पाणी पिणे हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. तेव्हा तहानेचे ऐकावे, लांब पल्ल्यात लिंबू, मीठ व साखर घातलेले पाणी किंवा ताक जवळ करावे, आणि शर्यतीआधी व नंतर वजन करून पाहावे. धावून आल्यावर वजन वाढलेले असेल, तर पाणी जादा झाले हे उघड आहे.

उष्माघाताची खूण प्रत्येक घराला माहीत असावी. उन्हात धावणारा माणूस अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, विनाकारण चिडू लागला किंवा त्याला काही सुचेनासे झाले, तर तो केवळ दमला आहे असे समजू नये. घाम येत आहे म्हणून धोका नाही, हाही गैरसमज आहे. धावताना होणाऱ्या उष्माघातात घाम चालूच असू शकतो. अशा वेळी वाहनाची वाट पाहत न बसता त्याला प्रथम थंड पाण्यात बसवावे, किंवा अंगावर सतत गार पाणी ओतून वारा घालावा, आणि मग इस्पितळात न्यावे. येथे मिनिटांना मोल आहे.

जगातील मोठ्या संयोजकांनीही हा धडा घेतला आहे. दोहा येथे २०१९ साली स्त्रियांची जागतिक मॅरेथॉन उन्हामुळे मध्यरात्री ठेवण्यात आली, तरी निघालेल्या ६८ जणींपैकी ४० जणींनाच ती पुरी करता आली. पुढे टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन उत्तरेकडील सप्पोरो शहरात हलविली गेली, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये स्त्रियांच्या शर्यतीची वेळ आदल्या रात्री आणखी एक तास अलीकडे आणावी लागली. एवढी साधनसंपत्ती हाताशी असणारेही जेथे उन्हापुढे माघार घेतात, तेथे आपण भर दुपारी हट्टाने धावण्यात कसला पुरुषार्थ?

पावसाळा, ऑक्टोबर आणि धुके

आता आपल्या ऋतूंकडे वळू. बेळगावसारख्या सह्याद्रीलगतच्या गावात जुलैत दिवस-दिवस झड लागते. अशा वेळी ‘पाऊस थांबू दे, मग बघू’ म्हणणाऱ्याची तयारी कधीच होत नाही. पावसात धावण्यास हरकत नसते. त्यासाठी थोडी व्यवस्था मात्र लागते. सुती बनियन भिजून जड होते व काखेत, मांड्यांत काचते. तेथे आधीच खोबरेल तेल वा व्हॅसलिन लावावे. ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते सावलीत वाळवावेत. शक्य तर बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरावेत. पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या न केल्यास चिखल्या होतात आणि क्षुल्लक वाटणाऱ्या या दुखण्याने आठवडा फुकट जातो. पाणी साचलेल्या रस्त्यावर खड्डा वा उघडे गटार दिसत नाही, म्हणून अशा दिवशी ओळखीचा उंचवट्याचा रस्ताच बरा. पायाला जखम असेल, तर साचलेल्या पाण्यात उतरूच नये. लेप्टोस्पायरोसिससारखे रोग तेथूनच शिरतात. आणि मेघगर्जना ऐकू आली की घर गाठावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी मैदानात जाऊ नये.

पावसाळा सरतो आणि ऑक्टोबरातील ऊन सुरू होते. पल्ला वाढविण्याचे आठवडे नेमके याच सुमारास येतात, त्यामुळे पुष्कळांचा धीर येथेच खचतो. सप्टेंबरात सहज जमणारा वेग आता जमत नाही आणि आपण मागे पडलो असे वाटू लागते. वस्तुतः ताकद तेवढीच असते. उष्णतेचा कर तेवढा द्यावा लागतो. मॅरेथॉनला सर्वांत मानवणारी हवा म्हणजे दहा अंशांच्या आसपासची. त्यापुढे पारा चढत जातो तसा वेग उतरत जाणारच. हा हिशेब मनाशी नीट धरला, तर ऑक्टोबरातील निराशा टळते.

थंडीचे दुखणे उत्तरेकडच्या मराठी घरांना अधिक. ग्वाल्हेरला पौषात पहाटे धुके इतके दाट पडते, की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही; मग वाहन हाकणाऱ्याला धावणारा कोठून दिसणार? उजळ कपडे, चमकणारी पट्टी आणि रहदारीच्या समोरून धावणे, ही तीन पथ्ये तेथे पाळलीच पाहिजेत. धूर-धुळीने भरलेली हवा जमिनीलगत साचून राहते, अशा सकाळी छातीभर श्वास घेण्यात आरोग्य नाही. त्या दिवशी ऊन वर आल्यावर बाहेर पडावे, किंवा घरीच बैठका आणि जोर काढावेत. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरासारख्या संस्थांनी आपल्या आजोबा-पणजोबांना हेच तर शिकविले होते. त्या तालमीतील मेहनत धावणाऱ्याच्या मांड्यांना आणि कमरेलाही उपकारकच ठरते.

खोळंबा

हवामानाची चाहूल आधी लागते. दुखापतीची लागतेच असे नाही. या बाबतीत तीन थोर धावपटूंचे चरित्र उद्बोधक आहे.

चेकोस्लोव्हाकियाचे एमिल झाटोपेक हिवाळ्यात बर्फातून, लष्करी बूट घालून धावत आणि चारशे मीटरांचे फेरे एका दिवसात कित्येक डझन वेळा मारीत. हेलसिंकी येथे १९५२ साली पाच हजार व दहा हजार मीटरच्या शर्यती जिंकल्यावर ते आयुष्यातील पहिलीच मॅरेथॉन धावले आणि तीही जिंकली. पण १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकपूर्वी त्यांची हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. तरी ते धावले आणि सहावे आले. इथिओपियाचे अबेबे बिकिला १९६० साली रोमला अनवाणी धावून जिंकले होते. १९६४ साली टोकियोच्या शर्यतीपूर्वी पाच-सहा आठवडे त्यांचे आंत्रपुच्छ काढावे लागले. असे असूनही २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंदांत त्यांनी सुवर्णपदक राखले. ही हकीकत नेहमी सांगितली जाते. तिचा पुढचा भाग मात्र गाळला जातो. १९६८ साली मेक्सिकोत पायाच्या दुखापतीमुळे सुमारे सतरा किलोमीटरनंतर हेच बिकिला शर्यतीतून बाहेर पडले आणि त्यांचेच देशबंधू मामो वोल्डे यांनी ती जिंकली. दोनदा जगज्जेता ठरलेल्या पुरुषालाही थांबण्याची लाज वाटली नाही.

तिसरे आपले शिवनाथ सिंग. बिहारमधील खेड्यातून सैन्यात गेलेले हे धावपटू पायांच्या तळव्यांना चिकटपट्टी लावून अनवाणी धावत. १९७६ साली माँट्रियल ऑलिंपिकमध्ये ते अकरावे आले. १९७८ साली जालंधर येथे त्यांनी २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन पुरी केली, आणि हा राष्ट्रीय उच्चांक चार दशकांहूनही अधिक काळ अबाधित राहिला.

ही उदाहरणे वाचून कोणी शस्त्रक्रियेनंतर महिनाभरात धावू लागेल, तर तो अनर्थ होईल. या माणसांच्या पाठीशी वर्षानुवर्षांची मेहनत होती आणि लढवय्या शरीराची मुळातील ठेव होती. आपण घ्यावयाचा बोध निराळा आहे. चांगल्या सवयीचा धावपटू आठ-दहा दिवस अंथरुणास खिळला, तरी त्याच्या दमसासात फारसा फरक पडत नाही. भीती वाटते तेवढे नुकसान होत नसते. नुकसान होते ते बुडालेले दिवस भरून काढण्याच्या घाईने. चुकलेल्या आठवड्याचे अंतर पुढील आठवड्यात घुसडले, की नडगी किंवा पोटरी धरलीच म्हणून समजावे. बुडाले ते बुडाले असे मानून, पूर्वीच्या निम्म्या अंतरापासून पुन्हा आरंभ करावा.

काही दुखणी मात्र अंगावर काढू नयेत. नडगीवर वा पावलाच्या हाडावर बोट ठेवून दाखविता येईल असे एकाच जागी दुखत असेल आणि रात्री निजल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर पडल्याचा संशय घ्यावा व डॉक्टरांकडे जावे. अशी चीर सहसा सहा-आठ आठवड्यांच्या विश्रांतीने भरून येते. तीवर धावत राहिल्यास हाड मोडू शकते. ताप असताना कधीही धावू नये. हृदयाच्या स्नायूंना सूज येण्याची भीती असते. डेंग्यू-चिकुनगुनियानंतर सांधे महिनोन् महिने कुरकुर करतात. तेथे घाई कामाची नाही. स्त्रियांनी पुरेशी झोप व आहार असूनही दम लागू लागला, तर रक्तातील लोहाची तपासणी करून घ्यावी. आपल्याकडे घरातील सर्वांची ताटे वाढून झाल्यावर उरलेसुरले खाणारी स्त्री पंधरा-वीस किलोमीटर धावू लागते, तेव्हा तिच्या ताटाकडे घरच्यांनी आवर्जून पाहिले पाहिजे. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माण तालुक्यातील ललिता बाबर यांनी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे प्रथम क्रमांक मिळविला आणि पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीपर्यंत मजल मारली, ही गोष्ट आपल्या मुलींना अवश्य सांगावी.

बोस्टनचा एक दिवस

सामान्य माणसाला अधिक जवळची वाटेल अशी एक घटना १६ एप्रिल २०१८ रोजी बोस्टनला घडली. त्या सकाळी तापमान तीन-चार अंश, मुसळधार पाऊस आणि समोरून झोंबणारा वारा. नावाजलेले धावपटू एकामागून एक बाहेर पडू लागले. अमेरिकेच्या डेझिरे लिंडन यांनाही आरंभीच वाटले, की आज आपल्याला शर्यत पुरी करणे जमणार नाही. तेव्हा निदान सोबतच्या शॅलेन फ्लॅनागन यांना तरी मदत करावी, म्हणून त्यांनी त्यांच्यासाठी वेग कमी केला, त्यांना पुन्हा मुख्य घोळक्यात आणले, आणि असे करता करता त्या स्वतःच स्त्रियांत पहिल्या आल्या.

पुरुषांत पहिले आले जपानचे युकी कावाउची. ते त्या वेळी एका सरकारी शाळेच्या कचेरीत पूर्ण वेळ नोकरी करीत होते आणि नोकरी सांभाळून सराव करीत. कानाकुरींनी सुरू केलेल्या त्या हाकोनेच्या शर्यतीत विद्यार्थिदशेत तेही धावलेले. त्याच वर्षी १ जानेवारीला, शून्याखाली सुमारे सतरा अंश थंडीत, मॅसॅच्युसेट्समधील एका लहानशा मॅरेथॉनमध्ये धावून शर्यत पुरी करणारे ते एकटेच होते. एप्रिलातील पाऊस इतरांना आपत्ती वाटला. त्यांना तो ओळखीचा होता. बोस्टनला ते अचानक शूर झाले नाहीत. वर्षानुवर्षे सर्व प्रकारच्या हवेत धावून त्यांनी शरीराला आणि मनाला ओळख करून दिली होती, एवढेच.

फडेप्पा चौगुले यांना अशी ओळख करून घेण्याची संधी मिळाली नव्हती. उष्णतेची सवय किती दिवसांत होते, पाणी किती प्यावे, हाडाची चीर कशी ओळखावी, हे त्या काळी बेळगावलाच काय, लंडनलाही कोणी नीट सांगू शकले नसते. आज हे ज्ञान कोणालाही मिळू शकते, आणि त्यासाठी पैसाही फारसा लागत नाही. लागतो तो संयम. आणि तो एकट्या धावणाऱ्याकडे असून भागत नाही. घरातील मुलगा वा सून महिनाभर जायबंदी होऊन बसली, की ‘आता कसली होतेय तुमची मॅरेथॉन!’ असे थट्टेने म्हणणारे घर त्यांना दुखऱ्या पायाने पुन्हा रस्त्यावर ढकलत असते. त्याऐवजी ‘यंदा नाही तर पुढच्या वर्षी’ असे म्हणून ताटात एक भाकरी अधिक वाढणाऱ्या घरातून निघालेला माणूस पुढील जानेवारीत, बऱ्या झालेल्या पायांनिशी, प्रारंभरेषेवर उभा असण्याचा संभव कितीतरी अधिक.